सुट्टी कधी काढू, सिस्टर?

कोरेगाव तालुक्यातल्या एका घराच्या पडवीत मी हात धूत होते, तेवढ्यात थोरल्या सुनेनं मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर धाकटा मुलगा, अंगात गणवेश, मागे उघडे डोंगर. सातारा जिल्ह्यात फौजेतला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. हाही त्यातलाच. म्हणाला, "सिस्टर, पंधरा दिवसांची सुट्टी शिल्लक आहे. एकदाच येता येईल. आत्ता येऊ का थांबू?"

आत आबा झोपले होते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. पुढची केमो अंगाला झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी थांबवली होती. त्या मोठ्या रुग्णालयातून निघताना कागदावर "घरी सेवा करावी" एवढीच ओळ होती. सेवा म्हणजे काय करायचं, किती काळ करायची, काय दिसलं तर कुणाला फोन करायचा, यातलं एक अक्षर नाही. अशा कागदांचा मला फार राग येतो. (ओळख पटू नये म्हणून या घराचे तपशील मी बदलले आहेत.)

मी घरोघर जाऊन पॅलिएटिव्ह केअरचं काम करते. रोग बरा होवो न होवो, दुखणं, धाप, मळमळ, जखमेचा वास, हरवलेली झोप आणि घरच्यांची घालमेल यांवर इलाज करणारी ही सेवा. या कामात एक प्रश्न प्रत्येक घरात येतो. डॉक्टर समोर असताना तो कुणी विचारत नाही. मी निघाले की चप्पल घालताना विचारतात. "सिस्टर, अजून किती दिवस?"

वरवर पाहता हा दिवसांचा प्रश्न वाटतो. खोदून विचारलं की खाली काहीतरी वेगळंच निघतं. नवी मुंबईत माथाडीत असलेल्या भावाला बोलवायचं का. नातीचं लग्न वैशाखात धरलंय ते अलीकडे घ्यायचं का. सातबाऱ्यावर नावं लावायची राहिलीत. सोसायटीचं कर्ज कुणाच्या नावावर आहे ते फक्त त्यांनाच माहीत आहे. घरच्यांना आकड्याचं काही पडलेलं नसतं. त्यांना एक निर्णय घ्यायचा असतो आणि तो वेळेत घ्यायचा असतो. म्हणून मी आधी विचारते, "हे कशासाठी हवंय तुम्हाला?" मग उत्तर त्या निर्णयाच्या मापाचं देता येतं. सुट्टी काढायची असेल तर "अमुक तारीख" कळायची गरज नसते. काळ महिन्यांचा आहे, आठवड्यांचा आहे की दिवसांचा, एवढं कळलं तरी पुरतं. आणि हे बऱ्यापैकी कळू शकतं.

डॉक्टर सांगत नाहीत ते मुद्दाम लपवतात म्हणून, असं अनेकांना वाटतं. खरी अडचण अशी की नुसत्या अनुभवावर केलेला अंदाज फार चुकतो, आणि एकाच बाजूला चुकतो. अमेरिकेत निकोलस क्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शिकागोमध्ये शेवटच्या टप्प्यातल्या ४६८ रुग्णांबद्दल ३४३ डॉक्टरांना विचारलं, हा रुग्ण किती काळ जगेल? अंदाज प्रत्यक्ष काळाच्या एक तृतीयांश इकडेतिकडे असला तरी बरोबर धरायचा ठरवला. तरीसुद्धा फक्त २० टक्के अंदाज बरोबर आले. ६३ टक्के वेळा डॉक्टरांनी जास्त काळ सांगितला, १७ टक्के वेळा कमी. सगळा हिशेब एकत्र केला तर अंदाज प्रत्यक्षाच्या ५.३ पट निघाला. त्यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. डॉक्टर रुग्णाला जितका जास्त काळ ओळखत होता, तितका त्याचा अंदाज जास्त चुकला. माया आड येते. वीस वर्षं ज्यांनी घरच्यासारखं औषध दिलं, त्या फॅमिली डॉक्टरांच्या तोंडून "दोन आठवडे" हे शब्द निघत नाहीत. यात त्यांचा दोष मी मानत नाही, पण घरच्यांचं नुकसान होतं हे खरं.

दुसरा घोळ सरासरीचा. कॅन्सरतज्ज्ञ सांगतात, "या टप्प्यावर साधारण सहा महिने." घरचे कॅलेंडर काढून सहा महिन्यांनंतरच्या तारखेवर खूण करतात. डॉक्टरांच्या मनात असतो मध्यक. तसे शंभर रुग्ण, जो जितका काळ जगला त्या क्रमानं ओळीत उभे केले, तर मधल्याचा काळ सहा महिने निघतो. अर्धे त्याच्या अलीकडे, अर्धे पलीकडे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पसरलेल्या कॅन्सरच्या अनेक चाचण्या तपासून यासाठी एक सोपा हिशेब मांडला आहे. मध्यक सहा महिन्यांचा असेल, तर शंभरातले दहाएक जण त्याच्या पाव काळातच, म्हणजे दीड महिन्याच्या आत जातात. निम्मे लोक अर्ध्यापासून दुपटीपर्यंत, म्हणजे तीन महिने ते वर्ष या पट्ट्यात असतात. दहाएक जण तिपटीच्या, दीड वर्षाच्या पुढे जातात. "सहा महिने" या दोन शब्दांत एवढी मोठी रेंज दडलेली असते. डॉक्टरांनी आकडा सांगितला तर त्यांना एवढंच विचारा: लवकर झालं तर किती, बरं चाललं तर किती, आणि बहुतेकांचं कसं असतं?

हा हिशेब उपचार चालू असतानाचा. घरी खाटेवर आलेल्या माणसासाठी रोगाचं नाव आणि स्टेज मागे पडतात. कॅन्सर स्तनाचा होता की जठराचा, याला शेवटच्या काही आठवड्यांत फारसा अर्थ उरत नाही. शरीर काय करतंय ते पाहायचं. पुण्याहून पाहुणे निघाले की सातारकर कुणी घड्याळाकडे बघत बसत नाही. फोन करून विचारतो, "घाट उतरलात का?" खंबाटकी उतरली म्हटलं की कणीक भिजवायची, आनेवाडीचा टोलनाका आला म्हटलं की तवा ठेवायचा. रस्त्यात ट्रॅफिक असेल, कुणी चहाला थांबेल. वेळ चुकते, खुणा चुकत नाहीत. मृत्यूची वाट कुणी अशी जेवणासाठी बघत नाही, हे मला कळतं. पण अंतर ओळखण्याची रीत हीच आहे. आणि जितकं जवळ यावं तितका अंदाज पक्का होतो.

पहिली खूण माणसाच्या हालचालीची. कॅनडातल्या व्हिक्टोरिया हॉस्पिसनं (हॉस्पिस म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करणारी संस्था) १९९६ मध्ये यासाठी एक पट्टी प्रसिद्ध केली, पॅलिएटिव्ह परफॉर्मन्स स्केल, थोडक्यात पीपीएस. शंभरपासून शून्यापर्यंत दहा-दहाच्या पायऱ्या. पाच गोष्टी बघायच्या: चालणं-फिरणं, काम करण्याची ताकद, स्वतःचं स्वतः करणं, खाणंपिणं आणि शुद्ध. ७० म्हणजे अंगणात फिरतो, स्वतःचं सगळं करतो, पण नेहमीचं काम होत नाही. ६० म्हणजे अधूनमधून आधार लागतो. ५० म्हणजे दिवस बसून किंवा पडून जातो. ४० म्हणजे बराच वेळ अंथरुणात. ३० म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. २० वर घोट-दोन घोट पाणी, आणि १० वर फक्त ओठ ओले करायचे.

कागदावर हे कोरडं वाटतं. आबांच्या घरी मी ही पट्टी सुपावर वाचली. गणपतीच्या आधी पहिल्यांदा गेले तेव्हा ते पडवीत भिंतीला टेकून वाघ्या घेवडा निवडत बसले होते. मांडीवर सूप. खडा सापडला की बोटानं टिचकी मारून अंगणात उडवायचे, आणि कोंबडी धावली की हसायचे. पाणी मात्र सुनेला मागायचे. ते ६०. अनंत चतुर्दशी झाल्यावर गेले तर सूप खाटेशेजारी जमिनीवर होतं. घेवडा अर्धा निवडलेला. सून म्हणाली, "घेतात हातात, पण चार दाणे झाले की ठेवतात. परवापासून घेतलंच नाही." ते ५०. मला रक्ताचा रिपोर्ट बघायची गरज पडली नाही.

आता गुणांची पट्टी. जपानमधले डॉक्टर तात्सुया मोरिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिसमधल्या रुग्णांवरून १९९९ मध्ये ती तयार केली. नाव पॅलिएटिव्ह प्रोग्नॉस्टिक इंडेक्स, पीपीआय. मला ती आवडते कारण तिला सुई लागत नाही. डोळे, कान आणि घरच्यांशी दोन शब्द, एवढ्यावर भागतं. पाच गोष्टी आहेत. पीपीएस १० किंवा २० असेल तर ४ गुण, ३० ते ५० असेल तर २.५, साठ किंवा वर असेल तर शून्य. खाणं थोडं कमी झालं असेल तर १, घासा-दोन घासांवर आलं असेल तर २.५. पायावर सूज, बोटानं दाबलं की खड्डा राहतो अशी, १ गुण. स्वस्थ पडून असतानाही धाप लागत असेल तर ३.५. आणि भ्रम, ज्याला आपल्याकडे "वात झालाय, बरळतात" म्हणतात, त्याला ४. एकूण १५. इथे जास्त गुण म्हणजे कमी वेळ. बेरीज ६ च्या वर गेली तर काळ तीन आठवड्यांहून कमी असण्याची शक्यता जास्त. ४ च्या वर गेली तर सहा आठवड्यांहून कमी.

गणपतीआधी आबांची बेरीज होती १. जेवण जरा कमी झालं होतं, बाकी काही नाही. चतुर्दशीनंतर हालचालीचे २.५, जेवणाचा १, आणि घोट्यावर सूज आली होती तिचा १. साडेचार.

साडेचार म्हणजे नक्की काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच लोक फसतात. मोरितांच्या अभ्यासात जे रुग्ण प्रत्यक्षात सहा आठवड्यांच्या आत गेले, अशा दर शंभरातल्या ८० जणांचे गुण ४ च्या वर होते. उरलेले २० कमी गुण असूनही गेले. आणि जे सहा आठवड्यांच्या पलीकडे जगले, अशा दर शंभरातल्या ७७ जणांचे गुण ४ किंवा त्याखाली होते. २३ जणांना मात्र पट्टीनं "वेळ कमी" म्हटलं होतं आणि तरी ते राहिले. तीन आठवड्यांच्या रेषेवर ही पट्टी थोडी जास्त नेमकी आहे: तिथे ८० आणि ८५. म्हणजे ही खूण रस्ता दाखवते, तारीख लिहून देत नाही. बेरीज केल्यावर मी एकटी कधीच कुणाला काही सांगत नाही. आमच्या डॉक्टरांशी बोलते, मग दोघं मिळून ठरवतो. ब्रिटनमध्ये २०११ साली हजाराहून जास्त रुग्णांवर पिप्स नावाची दुसरी एक पद्धत तपासली गेली. तिची रक्ततपासणीसह केलेली आवृत्ती एकट्या डॉक्टरच्या किंवा एकट्या नर्सच्या अंदाजापेक्षा सरस ठरली. पण डॉक्टर आणि नर्स यांनी मिळून केलेल्या अंदाजापेक्षा सरस ठरली नाही. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. घरी रोज जाणारीचे डोळे आणि डॉक्टरांचं ज्ञान एकत्र आलं, तर ते चांगल्यातल्या चांगल्या यंत्राच्या तोडीचं असतं.

इटलीतली पॅप नावाची पट्टीसुद्धा १९९९ चीच. ती पांढऱ्या पेशी मोजायला सांगते, म्हणून रुग्णालयात चांगली. घरी प्रत्येक वेळी रक्त काढून तालुक्याला पाठवायचं, आधीच मिळत नसलेल्या शिरा शोधायच्या, याला मी तयार नसते. जपानमध्ये २०१५ साली २,३६१ रुग्णांवर या सगळ्या पद्धती रुग्णालय, पॅलिएटिव्ह कक्ष आणि घर अशा तिन्ही ठिकाणी ताडून पाहिल्या गेल्या. घरी सगळ्यात सहज करता येतात त्या रक्त न लागणाऱ्याच.

बेरीज करण्याआधी एक काम मात्र सोडायचं नाही. जे सुधारण्यासारखं आहे ते सुधारून मग मोजायचं. आमच्याकडे एका घरी आजी रात्रभर बरळत होत्या. घरच्यांनी तुळशीपत्र काढून ठेवलं होतं, पाहुण्यांना फोन गेले होते. पोट चाचपलं तर ओटीपोट दगडासारखं. लघवी तुंबली होती. नळी घातली आणि दुपारी आजी चहा मागू लागल्या. भ्रमाला बद्धकोष्ठ कारण असू शकतं, संसर्ग, एखादं नवं औषध, रक्तातलं कॅल्शियम वाढणंही. कॅल्शियम वाढलं की माणूस गुंगतो, तहान फार लागते, शौचाला होत नाही, आणि हे औषधानं उतरू शकतं. धाप छातीत पाणी झाल्यानं लागत असेल तर ते काढता येतं. आपल्या भागात मिश्री-तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर फार. त्यांना गाठीमुळेच गिळता येत नाही, म्हणून "घासा-दोन घासांवर आलेत" याचा अर्थ तिथे वेगळा होतो. नुसती बेरीज करून मोकळं होणं हा मोठा अन्याय आहे.

आणि एका दिवसाच्या बेरजेपेक्षा उतार किती तीव्र आहे ते जास्त बोलतं. आमच्या कामात एक साधा ठोकताळा आहे. फरक महिन्यामहिन्यानं दिसत असेल तर काळ महिन्यांत मोजायचा. आठवड्याआठवड्यानं दिसत असेल तर आठवड्यांत. सकाळचा माणूस संध्याकाळी वेगळा वाटायला लागला तर दिवसांत. यासाठी मी प्रत्येक घरात शाळेची शंभर पानी वही ठेवायला सांगते. दर रविवारी तीन ओळी: संडासला कसे गेले, काय खाल्लं, किती वेळ जागे होते. वही बहुतेक घरांत सुनेच्या नाहीतर नातीच्या हाती येते. रोज पाहणाऱ्याला उतार दिसत नाही, चार रविवार एकाखाली एक वाचले की दिसतो. मला विचाराल तर घरी सांभाळल्या जाणाऱ्या रुग्णासाठी या वहीइतकी मोलाची तपासणी दुसरी नाही.

"घरी आणलं म्हणून लवकर जातील का हो?" हा प्रश्न मुलं दबक्या आवाजात विचारतात. सलाईन बंद केलं, आयसीयूत ठेवलं नाही, गावातले काय म्हणतील, हे सगळं त्यात असतं. जपानच्याच मोठ्या अभ्यासात २०१६ साली हेच पाहिलं होतं. ज्यांचा काळ दिवसांचा धरला होता त्यांच्यात घरी मृत्यू झालेल्यांचा मध्यक १३ दिवस, रुग्णालयात झालेल्यांचा ९. आठवड्यांच्या गटात घरी ३६, रुग्णालयात २९. महिन्यांच्या गटात फरक आढळला नाही. घरी आणल्यानं आयुष्य वाढतं असा याचा अर्थ मी लावणार नाही. मुळात जरा स्थिर असलेले रुग्णच घरी राहू शकले असतील. पण घरी आणल्यानं ते घटतं हे मात्र यातून दिसत नाही, आणि एवढं ऐकलं तरी मुलांच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मी पाहिलंय. मॉर्फिनचंही तेच. "मॉर्फिन म्हणजे शेवट" ही समजूत अजून गेली नाही. नीट मापानं, दुखण्याप्रमाणे वाढवत दिलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. आणि वर सांगितलेल्या पाच गोष्टींत मॉर्फिन कुठेच नाही. दुखणं सोसत ठेवून कुणाचा दिवस वाढत नाही.

सैनिकाच्या फोनवर परत येते. मी त्याला थांबायला सांगितलं, संध्याकाळी डॉक्टरांशी बोलले आणि मग फोन केला. शब्द जवळजवळ असे होते: "आबांचा काळ महिन्यांकडून आठवड्यांकडे सरकलाय असं आम्हाला दिसतंय. दिवस मोजायची वेळ अजून नाही. काही जण यातूनही जास्त राहतात, काही लवकर जातात. पण आज ते बोलतात, हसतात, तुला ओळखतात. भेटायला यायचं असेल तर आता ये. शेवटाला हजर राहायचं असेल तर ते तुझ्या माझ्या हातात नाही." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भेटायलाच येतो."

आठवड्याच्या आत आला. दसऱ्याच्या आधी त्याला परत जावं लागलं. आबांना कुणी काही सांगायचं नाही, असं थोरल्या भावानं आधीच बजावून ठेवलं होतं, तसं बहुतेक घरांत असतंच. पण धाकटा आल्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनीच विषय काढला. "तू अवेळी आलास म्हणजे मला कळलं," एवढं म्हणाले आणि विहिरीच्या पाण्याची पाळी कशी ठरलीय ते सांगायला लागले. बहुतेक रुग्णांना कळलेलं असतं. आपलं शरीर त्यांना आपल्याआधी सांगतं. त्यांना विचारायचं असतं ते इतकंच की याबद्दल या घरात बोललं तर चालेल का.

दसऱ्यानंतर गेले तेव्हा जेवण दोन घासांवर आलं होतं. बेरीज सहा. सहाच्या वर नव्हे, सहावर. आणि तिथेच ती थांबली. सहा आठवडे होऊन गेले. आबांनी दिवाळीत उटणं लावून घेतलं, करंजीचा कडेचा तुकडा तोंडात धरला. थोरला मला म्हणाला, "सिस्टर, तुमचा हिशेब चुकला," आणि तो खूश होता. मीही होते.

नोव्हेंबरात रात्री बरळणं सुरू झालं. ओटीपोट मऊ होतं, पोट साफ होतं, औषध नवं काही नव्हतं, डॉक्टरांनी रक्तही पाहिलं. सुधारता येण्यासारखं काही सापडलं नाही. बेरीज दहावर गेली. आता दिवस मोजायची वेळ आली होती, आणि त्या खुणा मी सुनेला शिकवून ठेवल्या. अमेरिका आणि ब्राझीलमधल्या दोन कॅन्सर रुग्णालयांत ३५७ रुग्णांना दिवसातून दोनदा पाहून काढलेल्या या खुणा आहेत: लघवी अगदी कमी होणं, मनगटाची नाडी हाताला न लागणं, श्वास घेताना जबडा हलणं, श्वास वाढत जाऊन मध्येच थांबणं आणि पुन्हा सुरू होणं, घशातली घरघर. यातलं एखादं दिसलं तर बहुधा तीन दिवसांच्या आतलं काम असतं. न दिसलं म्हणजे वेळ आहे, असं मात्र नाही. घरघर ऐकवत नाही, घरचे घाबरतात, घशात नळी घालून ओढायला सांगतात. गिळता न आलेली लाळ तिथे साचलेली असते आणि त्या अवस्थेत माणसाला त्याचा त्रास बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवलं, मान जरा उंच केली की आवाज कमी होतो. त्याच संशोधकांनी पुढे नाकापासून ओठाकडे येणारी घडी सैल पडणं हीही खूण नोंदवली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका "तोंडावळा बदलला" म्हणतात तेव्हा त्या हेच पाहत असाव्यात, असं मला वाटतं.

तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झाले होते. पहाटे सुनेचा फोन आला, "सिस्टर, मनगटाला लागत नाही." मी पोहोचले तेव्हा तिनं सगळं तसंच केलं होतं, कुशीवर वळवलेलं, ओठ ओल्या कापसानं टिपलेले, रडणाऱ्या मुलांना बाहेर न काढता पायाशी बसवलेलं. आबा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. साडेचारची बेरीज झाली त्या दिवसापासून नऊ आठवडे झाले होते.

धाकटा तिसऱ्या दिवशी, राख सावडायच्या वेळी पोहोचला. मी गेले तेव्हा पडवीत त्याच भिंतीला टेकून बसला होता. मला वाटलं, विचारेल, दिवाळीला आलो असतो तर बरं झालं नसतं का. त्यानं तसं विचारलं नाही. म्हणाला, "पंधरा दिवस रोज दाढी केली मी त्यांची." मग थोड्या वेळानं तो साडेचारचा हिशेब पुन्हा एकदा समजावून मागितला. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवला, ८० कुठले, ७७ कुठले, २३ कुठले. त्यानं २३ वर बोट ठेवलं.

"म्हणजे आबा यांच्यात होते."

"हो," मी म्हटलं. "यांच्यात होते."